भाजल्यावर लॅव्हेंडर, टी ट्री की सिलिकॉन जेल: कोणत्या टप्प्यावर काय लावावं

भाकरी उलटताना तव्याची कड मनगटाला लागते, कुकरची वाफ हातावर येते, नाहीतर गाडीच्या सायलेन्सरला पोटरी चिकटते. अशा वेळी घरात दोनच प्रश्न असतात: आत्ता काय लावू, आणि डाग राहू नये म्हणून पुढे काय लावू? इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींपासून काढलेली तीव्र सुगंधी तेलं, विकणारे दोन्हींचं उत्तर एकाच बाटलीत देतात. पण निवड ठरते ती कातडी उघडी आहे की मिटली आहे यावर. उघडी असेल तर कुठलंच इसेन्शियल ऑइल नको. मिटली असेल तर काही तेलांना थोडी जागा आहे, तीही मुख्य उपचाराच्या शेजारी.

ताजं भाजलेलं: पाणी की तेल

इथे तुलना करण्याजोगं फारसं काही नाही. वाहत्या गार पाण्याखाली सलग 20 मिनिटं, हाच पहिला उपाय. भाजल्यावर तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो. कातडीत शिरलेली उष्णता आतल्या थरांना जाळत राहते, ती काढून घ्यायचं काम पाणी करतं. तेलाला ते जमत नाही.

सोलापुरात अडचण पाण्याचीच. नळाला रोज पाणी नसतं, आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. म्हणून आधी चांगल्या हाताने पाणी तपासावं. गरम लागलं तर जमिनीखालच्या हौदातलं किंवा माठातलं घ्यावं. एकाने तांब्याने सावकाश धार धरली तर साधारण बादली-दीड बादलीत 20 मिनिटं निघतात. तेवढंही नसेल तर हात बादलीत बुडवून ठेवावा आणि पाणी कोमट झालं की बदलावं. बर्फ लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. लहान मुलाला किंवा मोठ्या भागावर पाणी घालताना बाकीचं अंग पांघरुणात ठेवावं.

सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढून घ्यावीत. मग स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म सैल ठेवावी किंवा धुतलेलं मऊ सुती कापड झाकावं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवून डॉक्टरांना सांगावं. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांचा लेप लावला की डॉक्टरांना भाजल्याची खोली दिसत नाही. तो लेप खरवडून काढताना रुग्णाचे जे हाल होतात ते वेगळेच.

लॅव्हेंडरची ख्याती आली ती रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञामुळे. 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले. त्यांनी हात लॅव्हेंडरच्या तेलात बुडवले आणि ते बरे झाले, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्यांनी स्वतः लिहिलेली हकिकत निराळी आहे: जखमा सडू लागल्यानंतर त्यांनी लॅव्हेंडर वापरलं. म्हणजे ताज्या भाजण्यावर तेल ओतण्याला तो दाखलाही लागू पडत नाही.

घरी थांबायचं की नाही, यासाठी रुग्णाचाच तळहात माप म्हणून वापरावा. बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा सुमारे 1 टक्का. तळहातापेक्षा मोठं भाजलेलं डॉक्टरांना दाखवावंच. मोठ्या माणसाचं 10 टक्क्यांहून किंवा मुलाचं 5 टक्क्यांहून जास्त भाजलं असेल, तर 108 ला फोन करून थेट सिव्हिल किंवा प्लास्टिक सर्जन असलेलं रुग्णालय गाठावं. चेहरा, हाताचे पंजे, पावलं, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, विजेचा धक्का असेल, कातडी पांढरी पडून दुखतच नसेल, तरी तेच. रंगाईच्या कारखान्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे दाहक क्षार, अंगावर उडाला तर 20 मिनिटं पुरत नाहीत. पाणी त्याहून बराच वेळ चालू ठेवावं, आणि लिंबू किंवा व्हिनेगर ओतून ‘उतारा’ करायला जाऊ नये.

फोड आणि ओली जखम: टी ट्री, मध, पांढरं मलम

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल जंतू मारतं, हे खरं. गोची अशी की प्रयोगशाळेत ते जखम भरून काढणाऱ्या कातडीच्या पेशींनाही मारतं असं दिसलं आहे. म्हणून भाजलेल्या जागी ते नकोच. लॅव्हेंडरबद्दल उंदरांवरच्या प्रयोगांत आशादायक निष्कर्ष आहेत. माणसाच्या भाजलेल्या जखमेवर वापरायला तेवढा आधार पुरत नाही.

मधाचा पुरावा या सगळ्यांत चांगला आहे. वरवरच्या, फोड आलेल्या भाजण्यात मधाची पट्टी नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर जखम भरते असं आढळलं आहे. मात्र तो मध निर्जंतुक केलेला, औषधी दर्जाचा असतो. डब्यातला मध जखमेवर घालू नये. कोरफड चालू शकते, पण पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक झोंबतो. तो निथळू द्यावा किंवा सरळ विकतची साधी जेल घ्यावी, तीही फक्त लाल झालेल्या, न फुटलेल्या कातडीवर.

घरोघरी सापडणारं पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम पूर्वीइतकं पहिल्या पसंतीचं राहिलेलं नाही. जखमेवर त्याचा पांढुरका पापुद्रा धरतो, खोली ओळखता येत नाही, आणि छोट्या जखमा भरायला उलट उशीर होऊ शकतो. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत ते टाळावं. छोट्या फोडांसाठी पॅराफिन गॉझ (पॅराफिन लावलेली, न चिकटणारी जाळीदार पट्टी) आणि वर कोरडी पट्टी एवढं बहुतेकदा पुरतं. फोड सुईने फोडायचा मोह आवरावा.

लॅव्हेंडरचा एक प्रामाणिक उपयोग मात्र याच टप्प्यावर आहे, तो वासाचा. पट्टी बदलताना सुगंध हुंगायला दिल्याने रुग्णाची भीती आणि वेदना थोडी कमी होते, असं इराणमधल्या छोट्या चाचण्यांत दिसलं. रुमालावर एक-दोन थेंब टाकून तो उशाशी ठेवावा. दमा असेल तर तेही नको.

कातडी मिटल्यावर: तेल की सिलिकॉन

मिटली हे ओळखायचं कसं? खपली गेली, ओल नाही, आणि रात्रभर ठेवलेल्या स्वच्छ कापडावर सकाळी डाग नाही, तर मिटली.

तेलाचे गोडवे इथेच गायले जातात, म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन आठवड्यांच्या आत भरलेली जखम बहुधा जाड व्रण ठेवतच नाही. रंग तेवढा बदलतो आणि काही महिन्यांत तोही फिकट होतो. अशा जखमेवर काहीही लावलं तरी ‘गुण’ आल्यासारखा वाटतो. खरा धोका आहे तो तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेल्या जखमेला. तिथे व्रण फुगतो, खाजतो, सांध्यावर असेल तर आखडतो.

अशा व्रणासाठी सिलिकॉन जेल किंवा शीट (व्रणावर चिकटवायची सिलिकॉनची मऊ पट्टी), मसाज आणि उन्हापासून बचाव ही तीन कामं आधी. शीट रोज 12 तासांहून जास्त वेळ ठेवावी लागते, किमान दोन-तीन महिने. सुरुवात तीन-चार तासांपासून करावी आणि शीट रोज साबणाने धुवावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात शीटखाली घाम साचून पुरळ येतं, म्हणून मार्च ते जून जेल बरी: दिवसातून दोनदा अगदी पातळ थर, पाच मिनिटं वाळू द्यायचा, वर किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. जाड थर वाळत नाही आणि कपड्याला पुसला जातो. जेल काम करत नाही अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावं. व्रणाचा भाग मोठा असेल तर डॉक्टर मापाचे, व्रण घट्ट दाबून ठेवणारे दाबाचे कपडे देतात. ते दिवसाला 23 तास घालायचे असल्याने उकाड्यात कंटाळा येतो, पण त्याला पर्याय म्हणून तेल चालत नाही.

मसाजला घसरण हवी, तिथे तेल येतं. नारळाचं तेल घामात चिकट होतं. घाण्याचं करडईचं तेल हलकं आणि आपल्या जिल्ह्यात सहज मिळणारं. लवकर खवट होतं, म्हणून 30 मिलीच काढावं. त्यात लॅव्हेंडरचे 6 थेंब म्हणजे अंदाजे 1 टक्का, चेहऱ्यासाठी 3. त्याहून जास्त नको, नुसतं तर कधीच नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहावी. बोटाच्या नखाखालचा गुलाबी रंग फिका पडेल इतका दाब, गोल आणि आडवा-उभा, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नवी कातडी नाजूक असते, फोड आला तर आठवडाभर थांबावं. खरं काम इथे दाबाचं आहे, सुगंध सोबतीला. सिलिकॉन लावण्याआधी तेल साबणाने पूर्ण धुवावं, नाहीतर जेल धरत नाही.

हेलिक्रिसम या पिवळ्या फुलांच्या झुडपाचं तेल महाग आहे आणि व्रणावरचा पुरावा किमतीच्या मानाने फारच तुटपुंजा. फ्रँकिन्सेन्सचंही (ऊदासारख्या सुगंधी डिंकाचं तेल) तेच. दालचिनी आणि लवंग कातडी पोळवतात. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ) आणि लिंबाची थंड दाबाने काढलेली तेलं तर इथल्या उन्हात धोक्याची: त्यांतली फ्युरोकुमारिन द्रव्यं ऊन लागलं की फोड आणि महिनोन्‌महिने टिकणारा काळा डाग देतात. डागावर लिंबू चोळायचा घरगुती उपाय याच कारणाने उलटतो. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणाऱ्यांसाठी: 1999 मधल्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत त्याने व्रण सुधारले नाहीत, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांच्या कातडीला ॲलर्जी उठली.

बाटली घेताना लेबलवर लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया हे वनस्पतीचं नाव, बॅच आणि तारीख हवी, काच गडद हवी. अगरबत्ती-अत्तराच्या दुकानातलं ‘लॅव्हेंडर’ बहुधा परफ्यूमचं असतं, ते कातडीसाठी नाही. जम्मूच्या भदरवाह भागात आता लॅव्हेंडर पिकतं, त्यामुळे परदेशी छापच हवा असा हट्ट नको. हवा आणि उष्णता लागून जुनं झालेलं तेल ॲलर्जी जास्त देतं, म्हणून उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. ही तेलं पोटात गेली तर लहान मुलांना विषबाधा होते.

व्रण पूर्ण स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्या काळात तो मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरू लागला तर ते केलॉइड समजून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. स्टिरॉइडची इंजेक्शनं लवकर सुरू केलेली बरी. पाच-सात वर्षं जुना, पांढरा, सपाट झालेला डाग असेल तर कुठल्याही तेलावर पैसे घालू नयेत. तिथे लेसर किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा, नाहीतर आहे तसा राहू द्यावा.