नऊ महिने, तिसरी जोडी: जळगावच्या जपानी बालवाडीचा अनुभव

माझा लेक जळगावच्या जपानी बालवाडीत जातो. परवा तिथून मेसेज आला, "बूट लहान झालेत, नवे घ्या." जूनपासूनची ही तिसरी जोडी. एकीचे साडेसातशे, आणि घ्यायची शाळेच्याच काउंटरवरून. म्हणून आज लिहायला बसले.

फी, वेळा, वर्ग कसा चालतो, हे इथल्या पालकांना ठाऊक आहे. मी बुटांबद्दलच सांगते.

जपानी शाळांत बाहेरची पादत्राणं दारात काढून आत पांढरे मऊ बूट घालतात, उवाबाकी. आठवडाअखेर मुलं ते धुवायला घरी नेतात. आमच्याकडेही तोच नियम. पण पोरं त्याच बुटांनी अंगणात पळतात, आणि आपली काळी माती एकदा कापडात मुरली की निघत नाही. त्यात नळाला दिवसाआड पाणी. फुले मार्केटमध्ये तसेच बूट दोनशे वीसला मिळाले, तर शाळेने दारातूनच परत पाठवले. सोल वेगळा म्हणे! मी तेव्हाच भांडले. जुलैत लिहिलं असतं तर एवढंच लिहिलं असतं, की नाव काढून घ्या.

ऑगस्टमध्ये एकदा मी लवकर पोचले. लेक पायरीवर बसून उजवा बूट डाव्या पायात कोंबत होता. वर्गाच्या ताई दोन हातांच्या अंतरावर मांडी घालून बसलेल्या, हात स्वतःच्या मांडीवर. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं गेली. त्याने बूट काढला, फिरवून बघितला, दुसऱ्या पायात घातला, टाचेमागच्या पट्टीत बोट अडकवून ओढला. ताई एवढंच म्हणाल्या, "देकिता." जमलं. मी असते तर पहिल्याच मिनिटाला घालून दिला असता.

याला जपानीत मिमामोरु म्हणतात, लक्ष ठेवायचं पण हात घालायचा नाही. जपानातली पहिली सरकारी बालवाडी १८७६ साली तोक्योत निघाली ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या पद्धतीवर, म्हणजे ठरावीक साधनांनी शिकवायच्या पद्धतीवर. पुढे जपानी शिक्षणतज्ज्ञ कुराहाशी सोझो यांनी त्या साधनांचा आग्रह सोडला आणि मुलाच्या स्वतःच्या खेळाला महत्त्व दिलं. त्या अकरा मिनिटांत मला हे पटलं. आता घरी शर्टाची बटणंही तोच लावतो, आणि मी थांबते.

पालकसभेतलं एक मात्र मला अजिबात मान्य नाही. "घरीही जपानीच बोला." का म्हणून? कॅनडात १९६५ साली सेंट लँबर्ट गावी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवायचा वर्ग सुरू झाला, तेव्हा मुलं शाळेत फ्रेंच शिकली आणि घरी इंग्रजीच बोलत राहिली. आमच्या सासूबाई अहिराणी बोलतात, ती बंद करायची? उलट तिचीच मदत झाली. आजी विचारते, "जेवना का?" शाळेत ऐकतो, "ताबेमाशिता का?" अर्थ तोच, जेवलास का. दोन्हीकडे क्रियापद शेवटी, आणि प्रश्नाला शेपटीला तोच 'का'. जपानीत प्रश्न विचारायला हा पोरगा पहिल्या महिन्यातच लागला, ते त्याला ओळखीचंच वाटलं.

पुढच्या वर्षीही पाठवणार. तिसरी जोडी मात्र घेतलेली नाही. सोल कसा हवा ते लेखी द्या, आम्ही बाजारातून आणू, असा अर्ज बारा पालकांच्या सह्यांनी दिलाय. जुन्या दोन जोड्या धुवून ठेवल्यात, १५ आणि १६ सेंटीमीटरच्या. कोणाला हव्या असतील तर घेऊन जा, पैसे नकोत.