औषधी समस्थानिकं की किरणोत्सारी कचरा: एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर काय निवडाल?

डिचोलीतली माझी एक-दोन मुलं दरवर्षी विचारतात, "सर, भाभा अणुसंशोधन केंद्रात जायचं तर यातलं कोणतं काम बरं?" रसायनशास्त्र दोन्हीकडे तेच, वेळेचं गणित मात्र अगदी वेगळं.

औषधी समस्थानिकं म्हणजे तपासणीला वा उपचाराला वापरायचे मूलद्रव्यांचे किरणोत्सारी प्रकार; त्यांच्या कामात घड्याळ मानगुटीवर बसलेलं असतं. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होणारं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं उरतं. टेक्नेशियम-९९एम तर सहा तासांत. म्हणून इस्पितळाला मॉलिब्डेनम-९९ भरलेला जनरेटर पाठवतात आणि तिथे रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम काढतात, गोठ्यात धार काढावी तसं. एक बॅच बिघडली तर कुणाचा तरी स्कॅन त्या दिवशी राहतो. हा ताण ज्याला मानवतो, त्याला कामाचं फळही लगेच दिसतं.

कचऱ्याकडे घाई नाही, जबाबदारी लांबची. कमी किरणोत्साराच्या द्रव कचऱ्यातली किरणोत्सारी द्रव्यं आयन एक्स्चेंजने (विद्युतभारित कण राळेवर अडकवून) वा साका म्हणजे गाळ बसवून वेगळी काढायची आणि सिमेंटमध्ये बांधायची. जास्त किरणोत्साराचा तीव्र कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओततात. तारापूर, तुर्भे, कल्पाक्कम इथे हे चालतं. त्यातल्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं; म्हणजे हजारांश उरायला ३०० वर्षं. पोर्तुगीज गोव्यात ४५१ वर्षं होते, त्यावरून अंदाज घ्या. इतका काळ काच पाण्यात विरघळता कामा नये, आणि तिची कृती तुम्ही ठरवायची! मला याहून देखणं रसायनशास्त्र माहीत नाही.

शिवाय कचरा म्हणजे नुसती अडगळ नव्हे. त्यातूनच वेगळं काढलेलं सीझियम काचेच्या पेन्सिलींत भरून रक्तावर किरणांचा मारा करायच्या यंत्रांत वापरलं जातं, आणि रुथेनियम-१०६ डोळ्याच्या कर्करोगावर. दोन्ही वाटा इथे मिळतात.

पुढेमागे गोव्यात परतायचं असेल तर समस्थानिकं घ्या. अणुऔषध विभाग मोठ्या इस्पितळांत असतात. अणुवीज केंद्र मात्र गोव्यात नाही, जवळचं म्हणजे कारवारकडचं कैगा. ही अडचण नसेल तर मी कचऱ्याकडेच बोट दाखवीन. खाणींचे डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढीग, पावसाळ्यात शेतांत उतरताना आम्ही पाहिलेत. मागे उरलेलं आधीच बांधून ठेवणारी माणसं आपल्यातून जावीत, असं मला मनापासून वाटतं.

भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेसाठी ६० टक्के गुण लागतात. तयारी आत्ताच धरा.