न्याय आणि तारण समजून घ्यायला मराठी ‘पवित्र शास्त्र’: आर. व्ही. आवृत्तीचे परीक्षण

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मराठी ‘पवित्र शास्त्र’, आर. व्ही. (रिवाइज्ड व्हर्जन, री-एडिटेड) आवृत्ती, महाराष्ट्रातल्या कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेला वाचतात. इथे सबंध पुस्तकाची समीक्षा करायची नाही. देवाच्या न्यायाविषयी संदेष्ट्यांनी, येशूने आणि त्याच्या प्रेषितांनी (त्याने पाठवलेल्या शिष्यांनी) दिलेले इशारे मराठीतून नीट ऐकू यावेत आणि सुटकेची वाट कुठे दाखवली आहे ते कळावे, एवढ्याच कामासाठी ही आवृत्ती कशी आहे ते पाहायचे आहे.

या कामासाठी हीच घ्यावी. मात्र तिच्यातले पाच-सहा शब्द आधी उलगडून घ्यावे लागतात. ते तसेच सोडले तर वाचक मराठी शब्दाचा रोजचा अर्थ धरून चालतो आणि इशारा एकीकडे, वाचक दुसरीकडे असे होते.

पहिला शब्द ‘तारण’. बँकेच्या दारावर ‘सोने तारण कर्ज’ वाचणाऱ्याला तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. इथला अर्थ ‘तारणे’ या क्रियापदातून घ्यायचा: बुडणाऱ्याला पार नेणे. ‘मोक्ष’ या शब्दाने हे काम झाले नसते, कारण मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे अभिप्रेत आहे. शास्त्रातले तारण पापापासून आणि त्याच्या न्यायापासून आहे, आणि ते करणारा तारणारा दुसरा कोणी आहे. बुडणारा स्वतःला तारत नाही, हे मराठी क्रियापदातच आहे.

‘खंडणी’ हा शब्द जास्त अडतो. मार्क १०:४५ मध्ये (म्हणजे १०वा अध्याय, ४५वे वचन) मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला असे म्हटले आहे. आजच्या वर्तमानपत्रात खंडणी गुंड उकळतात, त्यामुळे नव्या वाचकाला इथे देवच कुणाकडून तरी पैसे उकळतो आहे असे वाटण्याचा धोका असतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलाम किंवा बंदिवान सोडवण्यासाठी मोजलेली किंमत असा आहे. समासात पेन्सिलीने ‘सोडवणुकीची किंमत’ लिहून ठेवावे.

‘प्रायश्चित्त’ तर सर्वांत घोटाळ्याचा. आपल्याकडे प्रायश्चित्त चूक करणाराच घेतो: उपास, दान, तीर्थस्नान. रोमकरांस पत्र ३:२५ मध्ये मात्र ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून देवानेच पुढे ठेवले आहे. कर्ता बदलला की सगळे बदलते. हे न कळलेला वाचक पुढच्या पानांवर ‘मी काय भरपाई करू’ हेच शोधत राहतो आणि मिळालेली सुटका त्याच्या हातातून निसटते. ‘पश्चात्ताप’ही तसाच. मराठीत तो मागाहून झालेला ताप, हळहळ. ग्रीक मेटानोइया म्हणजे मन पालटणे, वळणे. मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणारा यहूदा चांदीची ३० नाणी परत करतो, तिथे ग्रीकमध्ये हा शब्द नाही, नुसत्या पस्ताव्याचे वेगळे क्रियापद आहे. हळहळ कितीही खरी असली तरी ती अजून वळणे नव्हे.

काही ठिकाणी मात्र या आवृत्तीचे शब्द इतके चपखल बसले आहेत की टिपणाची गरजच राहत नाही. ‘पापाचे वेतन मरण आहे’ (रोम. ६:२३) यातले वेतन म्हणजे कामाचा हिशेबाने मिळणारा पगार, आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ‘कृपादान’. कमावलेले आणि फुकट मिळालेले शेजारी उभे केले आहेत. मत्तय २५:४६ मध्ये शिक्षेलाही ‘सार्वकालिक’ आणि जीवनालाही ‘सार्वकालिक’ हाच शब्द आहे. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच विशेषण आहे आणि मराठीने ते राखले. त्यामुळे वाक्याचा एक अर्धा सौम्य करून दुसरा तसाच ठेवण्याची पळवाट वाचकाला मिळत नाही.

‘न्याय’ या शब्दाबाबतही मराठी भाग्यवान आहे. मराठीत न्याय ‘होतो’ तसा ‘मिळतो’ही. स्तोत्र ९६ आणि ९८ मध्ये देव पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून झाडे गजर करतात, नद्या टाळ्या वाजवतात. नाडलेल्या माणसाला तो दिवस हवासा असतो, लूक १८ मध्ये न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा न्याय मागणाऱ्या विधवेसारखा. धाक आणि आशा एकाच शब्दात राहिली पाहिजे. न्याय म्हणजे केवळ शिक्षा असे शिकवणाऱ्यांनी ही दोन स्तोत्रे वगळू नयेत.

नरकाच्या शब्दांवर थोडे थांबावे लागेल. ‘अधोलोक’ म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण, हिब्रू शिओल किंवा ग्रीक हेडीस. ‘नरक’ म्हणजे बहुतेक ठिकाणी गेहेन्ना. यरुशलेमेलगतच्या हिन्नोमच्या खोऱ्याचे ते नाव, जिथे मुले अग्नीत होमल्याचे यिर्मया ७:३१ सांगतो. नव्या करारात गेहेन्ना १२ वेळा येतो आणि त्यातले ११ उल्लेख येशूच्याच तोंडी आहेत, बारावा याकोबाच्या पत्रात. प्रेमळ येशू आणि कडक प्रेषित अशी वाटणी करणाऱ्याने ही मोजणी स्वतः करून पाहावी. तिसरा शब्द ‘अग्निसरोवर’. शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २०:१४ मध्ये मरण आणि अधोलोक दोन्ही त्यात टाकली जातात, म्हणजे अधोलोक आणि अग्निसरोवर एक नव्हेत. ही आवृत्ती तिन्ही शब्द वेगळे ठेवते, म्हणून लूक १६ मधला, मेल्यावर यातना भोगणारा श्रीमंत माणूस नेमका कुठे आहे हे मराठी वाचकाला कळते: अधोलोकात.

पण ‘नरक’ हा शब्द आपल्या कानावर आधीपासून पुराणांतून आलेला आहे. त्या नरकात पापाचे भोग संपले की जीव पुढच्या जन्माला जातो. शास्त्रातल्या इशाऱ्याची सगळी निकड इब्री ९:२७ मधल्या ‘एकदाच’ या शब्दात आहे: माणसाने एकदाच मरायचे, त्यानंतर न्याय. आणि लगेच २८व्या वचनात ख्रिस्तही एकदाच अर्पिला गेला. हे वाक्य २७ वर तोडून भिंतीवर लावणे हा वाचकावर अन्याय आहे. इशारा पहिल्या अर्ध्यात, सुटका दुसऱ्यात.

पंडिता रमाबाईंनी केलेले भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. ते साध्या माणसांसाठी होते, आणि हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. शब्दांचा हा प्रश्न त्यांना केव्हाच दिसला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले आहे. प्रवाही मराठीसाठी ते जवळ असावेच. पण वचनाला वचन लावून शब्द तपासायचे तर आर. व्ही. सोयीची. वसईच्या कॅथलिक वाचकाने एक लक्षात घ्यावे: नेहमीच्या छपाईत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात ७३. मृतांसाठीच्या प्रार्थनेचा आधार म्हणून सांगितला जाणारा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय या ६६ मध्ये नाही.

आता वाचायचे कसे. सुरुवात प्रकटीकरणापासून करू नये. ६६६ आणि सात कर्ण्यांत माणूस अडकतो, आणि ती चित्रे ज्या जुन्या संदेष्ट्यांतून आली ते अजून वाचलेले नसतात. आधी योना संदेष्ट्याचे पुस्तक घ्यावे: ४ अध्याय, ४८ वचने, एका बैठकीत संपते. निनवे शहराला त्याने दिलेला इशारा हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचा आहे, त्यात ४० दिवसांची मुदत आहे आणि सुटकेचे आश्वासन एकही नाही. तरी राजापासून सगळे शहर वळते आणि न्याय टळतो. इशारा कशासाठी असतो ते इथे कळते. मग यहेज्केल ३३:१-११. कर्णा वाजवणारा पहारेकरी, ऐकूनही न हलणारा माणूस, आणि ११व्या वचनात देव शपथेवर सांगतो की दुर्जनाच्या मरणाने मला आनंद होत नाही. ज्याच्या मनात देव शिक्षेला टपलेला असतो त्याने हे वचन दोनदा वाचावे.

तिसऱ्या बैठकीला मत्तय २४ आणि २५ सलग, ९७ वचने. मध्ये उठू नये, कारण २४ मधल्या ‘जागे राहा’चा अर्थ २५ मधल्या तीन गोष्टी सांगतात: दहा कुमारी, मालकाने सोपवलेला पैसा, मेंढरे आणि शेरडे. पाच कुमारींचे तेल संपते तेव्हा उसने मिळत नाही. तयारी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. त्यानंतर रोमकरांस पत्र १:१८ ते ३:२०. ही ६४ वचने म्हणजे आरोपपत्र. आधी मूर्तिपूजक, मग दुसऱ्याला दोष देणारा सभ्य माणूस, मग मोशेचे नियमशास्त्र हाती असलेला यहूदी, शेवटी सगळेच. बरेच जण इथे थकून पुस्तक मिटतात. तसे करू नये. ३:२१ ‘पण आता’ने सुरू होते, आणि त्या दोन शब्दांसाठीच आधीची ६४ वचने आहेत. ३:३१ पर्यंत वाचूनच उठावे. शेवटी योहान ३ आणि ५:२४, आणि मग प्रकटीकरण २० ते २२. तोवर शुभ्र राजासन, उघडलेली पुस्तके आणि जीवनाचे पुस्तक अनोळखी वाटत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. एक म्हणजे ख्रिस्ताच्या परत येण्याची, न्यायाच्या दिवसाची तारीख काढणे. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, तिथल्याच हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली. दोन्ही दिवस नेहमीसारखे मावळले. मार्क १३:३२ हे वचन त्याआधीही छापलेलेच होते: तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. तारीख चुकली की ऐकणारा मूळ इशाराही टाकून देतो, नुकसान तिथे होते. दुसरी चूक म्हणजे इशारा शेजाऱ्यासाठी वाचणे. लूक १३:१-५ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली. ती जास्त पापी होती काय, हा प्रश्न येशू ऐकणाऱ्यांकडेच वळवतो. महापूर किंवा भूकंपानंतर मृतांवर न्यायनिवाडा सांगणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने या पाच वचनांपुढे थांबायला हवे.

तिसरी चूक चांगल्या माणसांकडून होते: घाबरणे, पण पुढे ढकलणे. प्रेषितांची कृत्ये २४:२५ मध्ये कैदेतला प्रेषित पौल येणाऱ्या न्यायाविषयी बोलतो तेव्हा रोमी सुभेदार फेलिक्स खरोखर भयभीत होतो, आणि सवड मिळाली की बोलावतो म्हणतो. पुढे तो पौलाला वारंवार बोलावतोही, पण लाच मिळेल या आशेने. दोन वर्षे जातात आणि त्याच्या जागी दुसरा सुभेदार येतो. शेजारी १६:३० ठेवून वाचा. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारीही थरथर कापतो, पण विचारतो, तारण व्हावे म्हणून मला काय केले पाहिजे? उत्तर एका वाक्यात मिळते, प्रभू येशूवर विश्वास ठेव, आणि त्याच रात्री त्याच घटकेस तो कैद्यांच्या जखमा धुतो व घरादारासह बाप्तिस्मा घेतो. भीती दोघांनाही वाटली. एकाने प्रश्न विचारला.

मोबाइलवर यूव्हर्जनच्या बायबल वाचायच्या अॅपमध्ये ही आवृत्ती फुकट वाचता येते, आणि वचन निवडून दुसऱ्या मराठी भाषांतराशी तुलना करता येते. खंडणी, प्रायश्चित्त यांसारख्या शब्दांसाठी ही सोय फार मोलाची आहे. मात्र रोज एक वचन दाखवणाऱ्या सोयीवर विसंबू नये. सुटे वचन बहुधा दिलासा देणारे निवडले जाते. योहान ३:१६ (विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन) सगळीकडे दिसते, ३:३६ (न मानणाऱ्यावर देवाचा क्रोध) क्वचित, आणि इशारा तर संदर्भासकटच कळतो.

छापील प्रत घेताना खिशात मावणारा फक्त नवा करार घेऊ नये. योना आणि यहेज्केल त्यात नसतात. कागद पातळ असल्यामुळे जेल पेनाची शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून मऊ पेन्सिल किंवा कोरडी रंगीत कांडी वापरावी. वयस्कर माणसासाठी घेत असाल तर दुकानात प्रकटीकरण २० उघडून ११ ते १५ ही पाच वचने त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. ओळीवरून बोट घसरत असेल तर मोठ्या अक्षरांची प्रत मागा, वजन थोडे जास्त पडले तरी.