किचनर रेंजर्सचं सीझन तिकीट: एक पूर्ण मोसम वापरल्यानंतर

किचनर रेंजर्स हा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या किचनर गावचा आइस हॉकी संघ. त्याच्या सीझन तिकिटात नियमित मोसमाचे घरचे ३४ सामने येतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरुवात, मार्चमध्ये शेवट, आणि संघ टिकला तर पुढे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. किचनर-वॉटर्लू भागातल्या मराठी घरांत हिवाळा जवळ आला की दोन प्रश्न हमखास निघतात: एवढे सामने बघून होतात का, आणि आइस हॉकीतलं काही कळत नसताना हे तिकीट घ्यावं का? उत्तर असं की घ्यावं, पण आधी या संघाचा इतिहास समजून घ्यावा. तो माहीत असला की यंदाचा संघ असा का खेळतोय, जानेवारीत आवडता खेळाडू एका रात्रीत दुसऱ्या गावी का गेला आणि पुढच्या वर्षी तिकिटाचं नूतनीकरण करावं की थांबावं, याचा उलगडा होतो.

आधी हॉकीची पातळी. रेंजर्स ओंटारिओ हॉकी लीग या ज्युनियर, म्हणजे तरुण मुलांच्या लीगमध्ये खेळतात. तिच्यात वीस संघ आहेत, सतरा ओंटारिओतले आणि तीन अमेरिकेतले. खेळाडू १६ ते २० वर्षांचे. वीस वर्षांच्या, म्हणजे ‘ओव्हरएज’ खेळाडूंपैकी एका सामन्यात फक्त तिघांना उतरवता येतं. त्यामुळे कोणताही मुलगा इथे चार, फार तर पाच मोसम असतो. बहुतेक मुलं घरापासून दूर, स्थानिक कुटुंबांकडे राहतात. या कुटुंबांना इथे ‘बिलेट’ म्हणतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगसारखा दहा वर्षं एकच चेहरा बघायला मिळेल, या अपेक्षेने तिकीट घेतलं तर पहिल्याच उन्हाळ्यात हिरमोड होतो. इथे खेळाडू बदलतात. टिकतात ते निळा-लाल पोशाख, ऑडिटोरियम आणि तिथे बसणारी माणसं.

ऑडिटोरियम संघापेक्षा जुनं आहे. किचनर मेमोरियल ऑडिटोरियम १९५१ साली दुसऱ्या महायुद्धातल्या हुतात्म्यांचं स्मारक म्हणून उघडलं. गावात सगळे त्याला नुसतं ‘ऑड’ म्हणतात. (गावाचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं. पहिल्या महायुद्धात ते बदलून लॉर्ड किचनरचं दिलं. हा तोच किचनर, जो १९०२ ते १९०९ भारताचा सरसेनापती होता आणि ज्याच्या काळात १९०५ साली नाशिकजवळ देवळालीला लष्कराचं स्टाफ कॉलेज सुरू होऊन दोन वर्षांत क्वेट्ट्याला गेलं.) पन्नाशीच्या दशकात ऑडमध्ये गर्दी व्हायची ती किचनर-वॉटर्लू डचमेन या प्रौढांच्या संघासाठी. या संघाने ऑलिंपिकमध्ये कॅनडाचं प्रतिनिधित्व करून १९५६ साली कांस्य आणि १९६० साली रौप्य मिळवलं. ज्युनियर संघ मात्र इथे टिकला नव्हता. किचनरचा कॅनक्स हा संघ १९५६ साली पीटरबरोला गेला आणि तिथे ‘पीट्स’ झाला. आज ते ज्युनियर हॉकीतलं जुनं, मानाचं नाव आहे. पीट्स ऑडला येतात तेव्हा या गावातून गेलेला संघच पाहुणा म्हणून येतो.

रेंजर्सही बाहेरूनच आले. तीसेक किलोमीटरवरच्या ग्वेल्फमध्ये बिल्टमोर मॅड हॅटर्स हा संघ होता. त्याने १९५२ साली मेमोरियल कप हा कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला सर्वोच्च चषक जिंकला, पुढे त्याचं नाव ग्वेल्फ रॉयल्स झालं आणि १९६३ साली तो किचनरला आला. तेव्हा एनएचएलचे संघ ज्युनियर संघ पोसायचे आणि त्यांतले खेळाडू आपोआप त्यांच्याकडे जायचे. हा संघ न्यूयॉर्क रेंजर्सच्या पंखाखाली होता, म्हणून नाव रेंजर्स आणि पोशाखावर तशीच तिरकी अक्षरं. योगायोग असा की एनएचएलचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, हाही १९६३ सालचाच. त्या ड्राफ्टमुळे पोसण्याची पद्धत हळूहळू मोडली आणि साठचं दशक संपेपर्यंत ज्युनियर संघ आपापल्या पायांवर उभे राहिले. ग्वेल्फशी होणाऱ्या सामन्यातली चुरस इथूनच येते. आताचा ग्वेल्फ स्टॉर्म १९९१ सालचा, वेगळा संघ आहे, पण गर्दीला त्याने काही फरक पडत नाही.

आता तिकिटाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा संघ कुणा एका मालकाचा नाही. सीझन तिकीट घेणारे सभासद संचालक मंडळ निवडतात आणि संघ नफा वाटण्यासाठी चालवला जात नाही. सहकारी साखर कारखान्याचा किंवा पतपेढीचा सभासद असलेल्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही: वार्षिक सभा, निवडणूक, अहवाल. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत असे मोजकेच संघ उरलेत. तेव्हा तिकीट घेतलं की सभेची सूचना नीट वाचा आणि मतदानाला जा. नुसती खुर्ची घेऊन बसणं म्हणजे निम्मं तिकीट वाया घालवणं.

खुर्ची कुठे घ्यावी, यावर मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या वर्षी बहुतेक जण इथेच चुकतात. पहिली चूक म्हणजे काचेलगतच्या रांगा. खेळाडू काचेवर आदळताना दिसतात, वेग अंगावर येतो, दोन सामने मजा येते. पण तिथून रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, खोली कळत नाही, समोरच्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही आणि आपल्याच बाजूच्या कठड्याला चिकटलेला पकही (खेळायची रबरी चकती) सुटतो. पक एक इंच जाड, तीन इंच व्यासाचा आणि गोठवलेला असतो, त्यामुळे उसळत नाही, सरपटतो. तो बघायला उंची लागते. गोलमागच्या जागांसमोर जाळी असते. २००२ साली एका एनएचएल सामन्यात पक लागून एक मुलगी दगावली आणि त्यानंतर या जाळ्या सगळीकडे आल्या. डोळ्याला जाळीची सवय दोन-तीन सामन्यांत होते, फोटो मात्र कायम जाळीतूनच येतात. सुरक्षिततेसाठी ती हवीच.

चांगली जागा म्हणजे निळ्या रेषेच्या सरळ रेषेत, मधल्या उंचीवर. निळी रेषा गोलरेषेपासून ६४ फुटांवर असते. हल्ला आत शिरतो कसा आणि बचाव तो अडवतो कसा, हे तिथूनच कळतं. आता निळी रेषा कोणत्या टोकाची? संघ दर वीस मिनिटांच्या डावानंतर बाजू बदलतात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या डावात यजमान एकाच टोकाकडे हल्ला करतात. ते टोक पाहुण्यांच्या बाकाकडचं. कारण या दोन डावांत प्रत्येक संघ आपल्या बाकाजवळचा गोल राखतो. जागा निवडताना नकाशावर पाहुण्यांचा बाक शोधा आणि त्या अर्ध्यात, शक्यतो बाकांच्या समोरच्या बाजूला बसा. घरच्या संघाचे हल्ले तीनपैकी दोन डाव जवळून दिसतात आणि दोन्ही बाकांवरची अदलाबदलही समोर राहते.

दुसऱ्या डावात बाजू बदलली की बचावाचं टोक बाकापासून लांब पडतं. पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळून दमलेल्या पाचजणांना बदली खेळाडूंसाठी लांबवर जावं लागतं, जाता येत नाही, ते अडकतात आणि गोल होतो. ज्युनियर हॉकीत हे फार दिसतं, कारण सतरा वर्षांच्या मुलाला पक कधी सुरक्षित बाहेर काढायचा आणि कधी धोका पत्करायचा, याचा अंदाज अजून यायचा असतो. त्यामुळे खाण्याच्या रांगेत उभं राहून दुसऱ्या डावाची पहिली पाच मिनिटं घालवू नका. पहिला डाव संपायला दोन मिनिटं असताना उठा, नाहीतर मध्यंतर संपत आल्यावर जा, तेव्हा रांग ओसरलेली असते.

थंडीचं गणित साधं आहे. वर जॅकेट पुरतं, त्रास होतो तो पावलांना, कारण पायाखालचं काँक्रीट गार असतं. जाड तळव्याचे बूट आणि लोकरी मोजे घाला. लहान मुलांसाठी बसायला एक घडी घातलेलं कांबळं आणा. सामना अडीच तासांचा धरा, बरोबरी होऊन ओव्हरटाइम (जादा वेळ) झाला तर थोडा जास्त. नियमित मोसमात ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीन, पाच मिनिटांचा, मग शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकावर गोलचा प्रयत्न करायचा. प्लेऑफमध्ये मात्र पहिला गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे डाव चालू राहतात. २०१२ साली ऑडचा विस्तार होऊन सुमारे हजार जागा वाढल्या. वरच्या नव्या भागातून खेळाची मांडणी चांगली कळते. नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी. गाडी न्यायची नसेल तर आयऑन या स्थानिक रेल्वेने बॉर्डन स्टेशनला उतरून बॉर्डन रस्त्याने चालत जाता येतं.

आता चषकांचा इतिहास, कारण तिकिटाची खरी किंमत त्यावर ठरते. मेमोरियल कप १९१९ पासून दिला जातो, पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनडियन सैनिकांच्या स्मरणार्थ. आता ज्युनियर हॉकीतल्या तीन लीगचे विजेते आणि एक यजमान, असे चार संघ त्यासाठी खेळतात. रेंजर्स १९८१ साली लीग जिंकून विंडसरला गेले आणि अंतिम सामन्यात कॉर्नवॉलकडून हरले. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, हलमध्ये शेरब्रूकला ७-४ ने हरवून पहिला कप आणला. त्या संघात कर्णधार ब्रायन बेलोज, गावचाच स्कॉट स्टीव्हन्स आणि अल मॅकिनिस होते. शेवटचे दोघे पुढे हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान यादीत, गेले. १९८४ साली स्पर्धा ऑडमध्येच होती आणि अंतिम सामन्यात ऑटवाने घरच्या प्रेक्षकांसमोर ७-२ ने हरवलं. १९९० साली हॅमिल्टनला ओशावाविरुद्ध दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४-३ ने हार झाली. समोर, ओशावाकडून, पुढे एनएचएल गाजवणारा सतरा वर्षांचा एरिक लिंड्रोस होता. जुने सभासद ही हार अजून काढतात, आणि ते बरोबरच आहे. इतकी जवळ आलेली गोष्ट विसरली जात नाही.

मग मोठी पोकळी. २००१ साली पीटर डीबोअर प्रशिक्षक म्हणून आले आणि २००३ साली क्वेबेक सिटीत हलला ६-३ ने हरवून दुसरा कप मिळाला. डेरेक रॉय स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघात माइक रिचर्ड्सही होता. २००८ साली पुन्हा यजमानपद, लीगही जिंकली, आणि अंतिम सामन्यात स्पोकेनकडून ४-१ अशी हार. त्या रात्री विजेत्यांच्या हातात चषकाचे दोन तुकडे झाले. सुदैवाने ती प्रतिकृती होती.

या वर्षांकडे नीट बघा. १९८१ ते ८४ सलग वैभव, १९९० एक उसळी, मग २००३, मग २००८. मधली वर्षं वाईट व्यवस्थापनाची म्हणून मोजू नयेत. ज्युनियर हॉकीत हे चक्र अटळ आहे. संघ पंधरा-सोळा वर्षांची मुलं ड्राफ्टमध्ये निवडतो, ती अठरा-एकोणिसाव्या वर्षी पिकतात आणि त्या एका-दोन मोसमांत संघाचं शिखर येतं. शिखराच्या वर्षी संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या जानेवारीतल्या मुदतीपूर्वी पुढच्या वर्षांच्या ड्राफ्ट-निवडी देऊन तयार खेळाडू आणले जातात. दोन वर्षांनी त्याची किंमत चुकवावी लागते. यजमानपद असेल तर हे आणखी टोकाला जातं. उलट, उतरणीच्या वर्षी लाडका एकोणीस वर्षांचा खेळाडू जानेवारीत जातो आणि बदल्यात येते एका अनोळखी मुलाची निवड, जो आज नववीत असतो. त्या वेळी राग येतो, पण तीन वर्षांनी तोच मुलगा पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना) उभा दिसतो.

वर्षाचं वेळापत्रकही ध्यानात ठेवावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चांगले खेळाडू एनएचएलच्या शिबिरांत असतात आणि एकेक करून परततात, त्यामुळे पहिल्या सहा सामन्यांवरून मत बनवू नये. डिसेंबरमध्ये टेडी बेअरची रात्र असते: घरच्या संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक खेळणी बर्फावर फेकतात आणि ती गरजू मुलांना जातात. खेळणं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या, नाहीतर ओलं होतं. नाताळाच्या सुमारास जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी उत्तम खेळाडू तीन-चार आठवडे जातात, आणि तेव्हाच बदली मुलांना बर्फावर वेळ मिळतो. पुढच्या वर्षीचा संघ बघायचा असेल तर हे सामने चुकवू नका. जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्याच्या मधले सामने बर्फवृष्टीत सापडतात. ३४ पैकी ३४ बघणं नोकरदार घराला जमत नाही, पंचवीसच्या आसपास होतात. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून जागा घ्याव्यात. वाटणी करताना (ओंटारिओतल्याच) लंडन आणि ग्वेल्फचे सामने आधी वाटून घ्या, मग शुक्रवार, मग उरलेले. उलट क्रमाने केलं तर भांडण ठरलेलं.

तिकीट कुणी घेऊ नये? ज्याला फक्त विजय बघायचेत, त्याने. आणि ज्याला अजून ऑफसाइड (पकच्या आधी निळी रेषा ओलांडून हल्ल्यात शिरण्याची चूक) कळत नाही, त्याने आधी पाच-सहा सुटे सामने बघावेत, दर वेळी वेगळ्या भागात बसून.

नूतनीकरणाचा निर्णय घेताना संघाची यादी उघडून जन्मवर्षं मोजा. मोसम ज्या वर्षी सुरू होतो त्यातून २० वजा केले की ओव्हरएज मुलांचं जन्मवर्ष येतं, १९ आणि १८ वजा केले की खालच्या दोन तुकड्यांचं. १८ आणि १९ च्या रकान्यांत मिळून दहा-बारा नावं असतील आणि गोलरक्षक त्यांच्यापैकीच असेल, तर ते शिखराचं वर्ष समजा आणि वेळेत पैसे भरा. सोळा-सतराची गर्दी असेल तर संघ हरेल बरंच, पण दोन वर्षांनंतरची चांगली जागा धरून ठेवायची तर तेव्हाच घ्यावी लागते. यात एक नवी अडचण आहे. ऑगस्ट २०२५ पासून या लीगमधल्या मुलांना अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार उघडलंय, त्यामुळे अठरा-एकोणीसची काही मुलं उन्हाळ्यातच निघून जातात. मार्चमध्ये मोजलेली यादी ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा.