नमुना खरा, माल खोटा : सिंथेसायझरच्या सुट्या भागांच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

गेल्या जानेवारीत मी ९,६०० रुपये मोजून ३० आयसी, म्हणजे चिप विकत घेतल्या, आणि त्या तिसांपैकी एकही आयसी तिच्यावर छापलेल्या नावाची निघाली नाही. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य आहे. तरीही घरी सिंथेसायझर बांधण्याच्या खटाटोपात असलेल्या आणि हिशेबाची वही समोर ठेवून स्वस्त चिप शोधणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार कसा घडला ते वाचावे असे वाटते, कारण फसवणाऱ्याने माझ्या अज्ञानाचा फायदा घेतला नव्हता. मी चाकणच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या देखभालीचे काम करतो. आयसी आणि मल्टिमीटर या माझ्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तू आहेत.

मला पाच आवाजांचा, म्हणजे एका वेळी पाच स्वर वाजवणारा ॲनालॉग सिंथेसायझर बांधायचा होता. रचना साधारणपणे १९८० सालच्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या तिसऱ्या आवृत्तीच्या वळणाची होती. त्या वाद्यात डग कर्टिस यांच्या कंपनीच्या चिप होत्या : स्वर निर्माण करणारी, म्हणजे ऑसिलेटरची सीईएम ३३४०, आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरची सीईएम ३३२० आणि स्वर कसा चढतो-उतरतो ते ठरवणाऱ्या एन्व्हलपची सीईएम ३३१०. ३३४० चे मोल तिच्या स्थिरतेत आहे. या जातीच्या ऑसिलेटरमध्ये नियंत्रणाचा व्होल्टेज १ व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जायला हवा. पण सुट्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर बांधलेल्या सर्किटमध्ये हे प्रमाण दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्क्याने सरकते, आणि पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी असा ऑसिलेटर संध्याकाळपर्यंत सुरात ठेवणे ही एक शिक्षाच असते. ३३४० मध्ये तापमानाची ही भरपाई चिपच्या आतच केलेली आहे. म्हणून सगळ्यांना ती हवी असते, आणि म्हणूनच तिची नक्कल करण्यात पैसा आहे.

प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर, एक फिल्टर आणि दोन एन्व्हलप धरले, तर पाच आवाजांना २५ चिप लागतात. वर सुट्या पाच धरून ३०. परदेशातून मागवल्यास कुरियर, सीमाशुल्क आणि कर धरून सरासरी ७५० रुपयांना एक, म्हणजे एकूण २२,५०० रुपये असा माझा हिशेब होता. बाकीचा रकाना पुढीलप्रमाणे होता : छापील सर्किट बोर्ड ९,०००, पत्र्याचे पॅनेल आणि लाकडी पेटी ८,०००, पॉट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) आणि नॉब ११,०००, पॉवर सप्लाय ४,५००, रेझिस्टर-कपॅसिटर आणि किरकोळ सामान ६,०००, आणि जुन्या कीबोर्डच्या पट्ट्या ५,०००. पहिल्यांदा असे वाद्य बांधणारा माणूस चिपच्या किमतीकडेच पाहत राहतो. साठ-सत्तर पॉट आणि तितकेच नॉब मिळून एवढे होतात, हे त्याला यादी पूर्ण झाल्यावर कळते. बेरीज ६६,००० झाली. घरात मी ५५,००० चा आकडा सांगून बसलो होतो.

ही ११,००० ची तूट घेऊन मी दोन महिने बसलो. पॉटची संख्या कमी करून पाहिली, पेटी प्लायवूडची करून पाहिली. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षे सामान घेतो, त्या दुकानदारांना विचारले. ते म्हणाले, "सर, हा माल आमच्याकडे येत नाही. मागणीच नाही. आणि कोणी स्वस्तात देतो म्हणाला, तर आधी मला आणून दाखवा." हे वाक्य मला नीट आठवते, कारण मी ते ऐकून सोडून दिले.

त्यानंतर आठवड्याभरात विक्रेता भेटला. भेटला म्हणजे फोनवर. माणूस मराठी बोलणारा आणि अतिशय अदबशीर होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वडिलांचे दुकान होते, एका बंद पडलेल्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या कारखान्याचा शिल्लक माल त्यांनी उचलला होता आणि तो तेव्हापासून पोटमाळ्यावर पडून होता, असे त्याने सांगितले. ३३४० साठी ३५० रुपये आणि ३३२० व ३३१० साठी प्रत्येकी ३०० रुपये असा भाव होता. मी सावधपणे म्हटले की आधी नमुना पाहीन. तो लगेच तयार झाला. ३३४० च्या दोन चिप ७०० रुपयांना त्याने चौथ्या दिवशी घरपोच पाठवल्या.

त्या दोन्ही मी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडण्याच्या पाटीवर बसवून नीट तपासल्या. १२ व्होल्टवर करवती लहर ८ व्होल्टपर्यंत जात होती आणि त्रिकोणी लहर ४ व्होल्टपर्यंत, म्हणजे पुरवठ्याच्या दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश, जसे असायला हवे तसे. ट्रिमर फिरवून जुळवल्यावर व्होल्टागणिक ११०, २२०, ४४०, ८८० हर्ट्झ असे आकडे मिळाले. दोन्ही चिप अस्सल होत्या. त्या रात्री मी वहीत २२,५०० खोडून ९,६०० लिहिले. बेरीज ५३,१०० वर आली, आणि ५५,००० मधून चक्क १,९०० रुपये उरत होते. आज मागे वळून पाहताना मला त्या विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा या १,९०० रुपयांचाच जास्त राग येतो. ज्या आकड्याने अडलेले गणित इतके सुरेख सुटते, त्या आकड्यावर शंका घेण्याची इच्छाच माणसाला उरत नाही.

मोठ्या खरेदीच्या वेळी मी पक्क्या बिलाबद्दल विचारले. "बिल हवे असेल तर १८ टक्के वेगळे पडतील, सर," असे तो म्हणाला. १,७२८ रुपये वाचवण्यासाठी मी बिल सोडले. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले ते त्याने सांगितलेल्या नावाहून वेगळे होते. विचारल्यावर ते मेहुण्याचे खाते असल्याचे कळले. तेही मी चालवून घेतले.

पार्सल आले ते पाहून समाधान वाटावे असेच होते. चिप सुट्या पिशवीत कोंबलेल्या नव्हत्या, प्लॅस्टिकच्या लांब नळ्यांमध्ये ओळीने बसवलेल्या होत्या. बोर्ड अजून यायचे होते, म्हणून मी नळ्या खणात ठेवून दिल्या. येथे माझी खरी चूक झाली. नमुन्याच्या दोन चिपवर मी तीन तास घालवले होते आणि प्रत्यक्ष मालावर तीन मिनिटेही नाही. त्या तीन मिनिटांत निदान एवढे दिसले असते की १६ पायांच्या ३३४० वर, १६ पायांच्या ३३१० वर आणि १८ पायांच्या ३३२० वर एकच तारीख-संकेत होता : ८३४२, म्हणजे १९८३ सालचा ४२ वा आठवडा. तीन वेगळ्या चिप एकाच आठवड्यात बनल्या, एकत्र भारतात आल्या आणि एकत्रच पोटमाळ्यावर गेल्या, हे घडणे अशक्य नसले तरी त्याबद्दल प्रश्न विचारायला हवा होता. शिवाय ४० वर्षे पडून राहिलेल्या चिपचे पाय काळवंडतात. यांचे पाय नव्या चमच्यासारखे चकाकत होते.

बोर्ड आले पाच आठवड्यांनी. पहिला आवाज जोडून मी वीज दिली, तर ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ. चिप बदलली, तीच रेघ. सर्किटमध्येच चूक असेल असे समजून मी दोन संध्याकाळी बोर्ड तपासण्यात घालवल्या, आणि मग नमुन्याची चिप त्याच सॉकेटमध्ये बसवली. करवती लहर लगेच उमटली.

त्यानंतर मी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एक चिप पायापायाने तपासली. काळी काडी ९ व्या पायावर ठेवून लाल काडी १० व्या पायापासून १६ व्या पायापर्यंत सरकवत नेली, तर सातही पायांवर ०.७ च्या आसपास तोच तो आकडा. ऑसिलेटरच्या चिपमध्ये प्रत्येक पायाचे काम वेगळे असते, त्यामुळे ओळीने सात पाय सारखे असणे शक्यच नाही. पण अशी सात जुळी भावंडे मी कारखान्यात रोज पाहतो. ती यूएलएन २००३ होती : रिले चालवण्यासाठी वापरतात ती चिप, वॉशिंग मशीनच्या बोर्डापासून लिफ्टच्या पॅनेलपर्यंत सगळीकडे असणारी आणि तापकीर गल्लीत दहा-पंधरा रुपयांना मिळणारी. १८ पायांच्या ज्या फिल्टरच्या चिप होत्या, त्यांच्यात आठ पाय सारखे निघाले. ती तिचीच थोरली बहीण, यूएलएन २८०३. फसवणाऱ्याने पायांची संख्या मात्र प्रामाणिकपणे जुळवली होती.

नंतर मी कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एका चिपची पाठ घासली. बोळा काळा झाला, कर्टिसचे नाव निघून गेले आणि खाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसू लागले. मूळची छपाई घासून काढताना पडलेले. पहिल्या पायाची खूण म्हणून जो गोल खळगा असतो तो काळ्या रंगाने अर्धा बुजलेला होता. दोन पायांच्या मुळाशी जुन्या सोल्डरचे कण होते, म्हणजे भंगारातल्या बोर्डांवरून काढलेल्या चिपचे पाय पुन्हा कथिलात बुडवून चकचकीत केलेले होते. नमुन्याच्या चिपवर हाच प्रयोग केला, तर खळगा स्वच्छ आणि पृष्ठभाग एकसारखा राहिला. घासताना अस्सल चिपवरची छपाईही कधी पुसट होते, तेव्हा निव्वळ अक्षरे जाण्यावरून निष्कर्ष काढू नये. ओरखडे आणि खळगा पाहावा.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्या दिवशी तो म्हणाला की स्थिर विजेने चिप गेल्या असतील. दुसऱ्या दिवशी माझे सोल्डरिंग जास्त गरम असेल असे निघाले, हे सॉकेट वापरणाऱ्या, म्हणजे चिपला सोल्डर लावतच नसलेल्या माणसाला ऐकवणे विशेषच. मी यूएलएनचे नाव घेतल्यावर फोन कट झाला आणि नंतर तो क्रमांक कायमचा बंद लागला.

मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही सोय लवकर कळवले तर उपयोगी पडते, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवता येते. मी पैसे देऊन सहा आठवडे झाल्यावर फोन करत होतो. स्थानिक पोलिसांचे म्हणणे असे पडले की पैसे दिले आणि पार्सल मिळाले, तेव्हा हा मालाच्या दर्जाचा वाद आहे. ग्राहकांसाठीच्या १९१५ या क्रमांकावर ऐकून घेणाऱ्या बाईंनी सौजन्याने बिल मागितले. ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता तरी लिहावा लागतो. माझ्याकडे मेहुण्याचे नाव होते, आणि तो मेहुणा खरा की खोटा हेही ठरवता येत नव्हते. वाचवलेल्या १,७२८ रुपयांची किंमत मला या टप्प्यावर समजली. पक्के बिल असते तर त्यावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असता, महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर २७ ने सुरू होणारा, आणि तो सरकारी संकेतस्थळावर दोन मिनिटांत पडताळता आला असता. बिलाची गोष्ट निघताच कोणी चाचरत असेल, तर तिथेच थांबावे.

आता मी खरेदी कशी करतो ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकातला 'जुना शिल्लक माल' हा शब्दच मी यादीतून काढला आहे, कारण त्याची गरज उरलेली नाही. कर्टिस यांच्या कंपनीने २०१६ मध्ये ३३४० पुन्हा बाजारात आणली, लॅटव्हियातल्या रीगा शहरातली अल्फा ही कंपनी एएस ३३४० बनवते, आणि व्ही ३३४० ही आणखी एक आवृत्ती उपलब्ध आहे. नवा माल सरळ मिळत असताना दुर्मीळपणाची कथा ऐकवणाऱ्या माणसाकडून तो घेण्याचे कारण नाही. एलएम १३७०० किंवा टीएल ०७२ यांसारख्या आजही बनणाऱ्या चिप मी अधिकृत वितरकाकडूनच घेतो. टीएल ०७२ च्या नावाखाली दुसरीच, मंद चिप माझ्या हाती यापूर्वी एकदा पडलेली आहे. रेझिस्टर, सॉकेट, वायर, पेटीचे सामान मात्र तापकीर गल्लीतूनच येते, कारण तिथे खोटेपणा करून कोणाला काही मिळत नाही. ऑसिलेटरच्या मुख्य कपॅसिटरच्या बाबतीत काटकसर करू नये. तिथे पॉलिस्टायरीन किंवा सी०जी (तापमानाने फारसा न बदलणारा सिरॅमिक) जातीचाच हवा, नाहीतर चिप अस्सल असूनही स्वर घसरतो आणि बिचाऱ्या विक्रेत्यावर संशय जातो.

टेबलाच्या कोपऱ्यात मी एक ब्रेडबोर्ड तपासणीसाठी कायमचा जोडून ठेवला आहे. पार्सल ज्या दिवशी येते त्याच दिवशी त्यातली प्रत्येक चिप त्यावर बसते, मग बोर्ड यायला पाच आठवडे असोत की पाच महिने. वहीत 'वाया जाणारे' असा एक रकाना वाढवला आहे आणि त्यात एकूण रकमेच्या दहा टक्के लिहितो. तो रकाना आधीपासून असता, तर ५५,००० मध्ये पाच आवाज बसत नाहीत हे मी पहिल्याच रात्री मान्य केले असते.

वाद्य आता तीन आवाजांचे झाले आहे. त्यासाठी १३ नव्या चिप ९,७५० रुपयांना घेतल्या, आणि बुडालेली रक्कम धरून एकूण खर्च ६३,५५० वर गेला. तीन आवाजांना सहा ऑसिलेटर लागतात, त्यातले चार नव्या चिपवर आहेत. उरलेले दोन त्या नमुन्याच्या ७०० रुपयांच्या चिपवर चालतात, आणि सहांत सर्वांत कमी सरकणारे तेच दोन आहेत.