इनडोअर अँटेनावर फुकट टीव्ही: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरात इनडोअर अँटेना लावून आता काही महिने झाले. बातम्या आणि सामने आम्ही त्यावरच बघतो, त्यामुळे ठाम मत देण्याइतका वापर झालाय. आधी निकाल सांगून टाकते. टीव्हीचा प्रक्षेपण मनोरा पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असेल आणि घर डोंगराच्या आडोशाला किंवा तळघरात नसेल, तर ही वस्तू जरूर घ्या. फक्त खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका, आणि अँटेना ठेवायची जागा शोधायला दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवा. स्वस्त आणि महाग अँटेनात मला जेवढा फरक दिसला, त्याच्या कितीतरी पट फरक एकाच अँटेनाच्या दोन जागांमध्ये दिसला.

खोक्यावर 'एचडी', '४के', 'डिजिटल' असं काहीही छापलेलं असतं. अँटेना म्हणजे ठरावीक मापाचा धातू. हवेतल्या लहरी पकडायच्या आणि केबलमध्ये सोडायच्या, एवढंच त्याचं काम. त्या लहरींवर चित्र कसं चढवलंय हे उलगडतो तो टीव्हीतला ट्यूनर. ॲनालॉगच्या काळातला अँटेना माळ्यावर पडून असेल तर तो आधी लावून बघा, कारण टीव्हीच्या लहरींचे पट्टे बऱ्याच अंशी तेच आहेत: लांब लहरींच्या व्हीएचएफ पट्ट्याचा वरचा भाग १७४ मेगाहर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला १७४ दशलक्ष कंपनं) आणि आखूड लहरींचा यूएचएफ पट्टा ४७० मेगाहर्ट्झपासून पुढे. यूएचएफचा वरच्या टोकाचा तुकडा तेवढा अनेक देशांनी मोबाइल कंपन्यांना देऊन टाकलाय.

'२०० किलोमीटर रेंज' हा दावा तर सरळ सोडून द्या. पृथ्वी गोल आहे. १५० मीटर उंचीच्या मनोऱ्याचं रेडिओ-क्षितिज साधारण ५० किलोमीटरवर येतं; तुमचा अँटेना जमिनीपासून १० मीटर उंच असेल तर त्यात आणखी १३ किलोमीटर धरा. त्यापलीकडे सिग्नल झपाट्याने पडतो. इनडोअर अँटेनाला तर घराची भिंतही ओलांडून घ्यावी लागते. काँक्रीट आणि त्यातल्या सळया बराच सिग्नल खातात, आणि उष्णता अडवण्यासाठी काचेवर दिलेला धातूचा पातळ थर त्याहून वाईट ठरू शकतो.

खरेदीआधी टीव्हीत तुमच्या देशातल्या पद्धतीचा ट्यूनर आहे का, तेही बघून घ्या. अमेरिकेत एटीएससी, युरोपात आणि आणखी बऱ्याच देशांत डीव्हीबी-टी किंवा टी२, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी. एकीचा ट्यूनर दुसरीला चालत नाही. ट्यूनर नसेल तर वेगळा सेट-टॉप बॉक्स लागतो.

आकारांपैकी मी दोन वापरले: भिंतीला चिकटणारा पातळ चौकोनी, आणि ओढून लांब करता येणाऱ्या दोन दांड्यांचा जुन्या पद्धतीचा. चौकोनी दिसायला सुटसुटीत आहे आणि यूएचएफला उत्तम चालतो. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ५० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी लहर २५ सेंटिमीटर. ती त्या चौकोनात आरामात बसते. पण २०० मेगाहर्ट्झला अर्धी लहर ७५ सेंटिमीटर होते, आणि तिथे हा चौकोन अपुरा पडतो. आमच्याकडे एक चॅनल व्हीएचएफवर आहे. चौकोनी अँटेनावर त्याच्या चित्राचे तुकडे पडायचे. दांड्यांचा अँटेना लावला, दोन्ही दांड्या सुमारे ३७-३७ सेंटिमीटर ओढून आडव्या केल्या, आणि ते चॅनल काचेसारखं स्वच्छ आलं. म्हणून आपल्या भागातली चॅनल कुठल्या पट्ट्यात आहेत हे आधी बघा. सगळी यूएचएफवर असतील तर चौकोनी घ्या, एखादं आवडीचं चॅनल व्हीएचएफवर असेल तर दांड्यांचाच.

आता जागेबद्दल. टीव्हीच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. बघायची ती गुणवत्तेची. ताकदीच्या आकड्यात गोंगाट (म्हणजे नको असलेल्या भरकट लहरी), परतून आलेल्या लहरी, शेजारच्या मोबाइल टॉवरचा सिग्नल, सगळंच मिसळलेलं असू शकतं. त्यातलं टीव्हीला वाचता येईल असं किती, ते गुणवत्ता सांगते. एक जण अँटेना हातात धरून हलवतो आणि दुसरा टीव्हीसमोर उभा राहून आकडा ओरडतो, ही जुनी रीत आजही सगळ्यात चांगली. फक्त हळू हलवा. डिजिटल ट्यूनरला सिग्नल पकडायला काही क्षण लागतात, तेवढं थांबूनच आकडा वाचा.

खोलीत लहरी भिंतींवरून, कपाटांवरून परततात आणि एकमेकींत मिसळतात, त्यामुळे कुठे सिग्नल दाटतो, कुठे पार विरतो. दाट जागेपासून विरळ जागेचं अंतर पाव लहरीएवढंच असू शकतं. ६०० मेगाहर्ट्झला ते साडेबारा सेंटिमीटर भरतं. आमच्याकडे खिडकीच्या चौकटीच्या डाव्या कडेला एक चॅनल ठार बंद, आणि तिथून जेमतेम वीतभर उजवीकडे तेच चॅनल पूर्ण गुणवत्तेने. मनोऱ्याच्या दिशेची मोठी खिडकी सोडून शेवटी अँटेना स्थिरावला तो बाजूच्या भिंतीवर, उंच, जवळपास छताला टेकून. मोठ्या खिडकीला धातूची बारीक जाळी आहे आणि तिच्यामागे सिग्नल अर्धमेला व्हायचा. बाजूच्या भिंतीवर तो बहुधा समोरच्या इमारतीवरून परतून येतो. दिशादर्शक घेऊन मनोऱ्याकडे तोंड करणं ही सुरुवात म्हणून ठीक, पण अखेरचा शब्द गुणवत्तेच्या आकड्याचा. आणि जागा पक्की करण्याआधी सगळ्यात कमकुवत चॅनलवर तपासा, तगडी चॅनल कुठेही येतात.

एवढं केल्यावरही माणूस अँटेनासमोरून गेला की कमकुवत चॅनल अडखळतं, कारण शरीरही लहरी शोषतं आणि परतवतं. उंच जागेचा फायदा इथेही होतो.

सोबत एक छोटा ॲम्प्लिफायर आला होता, यूएसबीवर चालणारा. तो मी काढून ठेवलाय. लावला की ताकदीची पट्टी वर जायची आणि गुणवत्तेची खाली यायची. ॲम्प्लिफायर चांगल्या सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि त्यात स्वतःचा थोडा घालतो. जवळपास मोबाइलचा तगडा सिग्नल असेल तर ॲम्प्लिफायर गुदमरतोही. त्याचा खरा उपयोग लांब केबलमध्ये किंवा वाटणीत होणारी गळती भरून काढायला. आरजी-६ जातीच्या चांगल्या केबलमध्ये दहा मीटरला साधारण २ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) जातात, बारीक केबलमध्ये त्याहून बरेच जास्त. दोन टीव्हींसाठी सिग्नल वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडा कमी, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबलचा तोटा. आमच्याकडे एकच टीव्ही आणि दोन-तीन मीटर केबल, तिथे ॲम्प्लिफायरला कामच नाही.

चित्राबद्दल मी मनापासून खूश आहे. अमेरिकेतल्या एटीएससी पद्धतीत ६ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत (वाहिनी म्हणजे इथे पट्ट्यातला एक कप्पा, त्यात एक किंवा अनेक चॅनल बसतात) सेकंदाला साधारण १९.४ मेगाबिट माहिती जाते, आणि डीव्हीबी-टी२ मध्ये ८ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत ती ४० च्या आसपासही नेता येते. ती बरीचशी एका एचडी चॅनलला मिळाली तर हिरवळीवर धावणारे खेळाडू, उडणारा चेंडू, सगळं घट्ट दिसतं. इंटरनेटवरच्या चित्रासारखं अचानक धुरकट होऊन पुन्हा सावरत नाही. त्याच वाहिनीत पाच-सहा चॅनल कोंबली की मात्र चित्र पातळ होतं. तो दोष अँटेनाचा नाही आणि अँटेना बदलून तो जाणारही नाही.

सामन्यांसाठी आणखी एक सुख आहे. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण बऱ्याचदा हवेतल्यापेक्षा वीस-तीस सेकंद किंवा त्याहूनही मागे असतं. अँटेनावर गोल आमच्याकडे आधी होतो, शेजारचा जल्लोष नंतर ऐकू येतो. इंटरनेट बंद पडलं तरी बातम्या चालू राहतात, आणि वादळाच्या दिवसांत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिवाय मनोरा फक्त पाठवतो. कोण काय बघतंय हे त्याला कळायला वाटच नाही. स्मार्ट टीव्ही स्वतः नोंद ठेवत असेल तर तो वेगळा विषय, त्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

त्रासही आहेत. ॲनालॉगच्या काळी सिग्नल उतरला की आधी मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, पण बघता यायचं. डिजिटलमध्ये काही डेसिबल इकडे की चित्र अव्वल, तिकडे की चौकोन पडून आवाज तुटतो आणि मग काळा पडदा. म्हणून गुणवत्ता काठावर असलेल्या जागेवर समाधान मानू नका. पावसाची भीती बाळगू नका. १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या डिशला तो जसा झोडपतो तसा यूएचएफला झोडपत नाही. खिडकीसमोरच्या झाडाची ओली पानं मात्र जाणवतात. आणि हवा अगदी शांत, स्थिर असते तेव्हा एखाद्या सकाळी दूरच्या मनोऱ्याचा सिग्नल वाट चुकल्यासारखा येऊन आपल्या चॅनलवर बसतो. ऊन चढलं की बहुतेकदा आपोआप निवळतं, लगेच अँटेना हलवायला धावू नका.

ठरावीक वेळीच एखादं चॅनल फुटत असेल तर घरातले एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जर एकेक करून बंद करून बघा. आमच्याकडे टेबलावरच्या एका एलईडी दिव्याने व्हीएचएफचं चॅनल रोज संध्याकाळी बिघडायचं. दिवा बदलला, तक्रार संपली. मोबाइल टॉवर अगदी जवळ असेल तर केबलमध्ये बसवायचा, मोबाइलच्या लहरी अडवणारा एलटीई फिल्टर मिळतो, तो ॲम्प्लिफायरपेक्षा कितीतरी उपयोगी.

चॅनल शोधतानाची एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच टीव्हींवर ऑटो स्कॅन केला की आधीची यादी पुसली जाते. कमकुवत चॅनल त्या क्षणी सापडलं नाही तर यादीतून गेलं. नवं चॅनल हवं असेल तर मॅन्युअल स्कॅनमध्ये जाऊन फक्त ती एक वाहिनी शोधावी, बाकीची यादी शाबूत राहते. रेकॉर्डिंगसाठी पेन ड्राइव्ह लावता येतो, पण अनेक टीव्ही ते कुलूपबंद करून ठेवतात आणि दुसऱ्या टीव्हीवर ते उघडत नाही.

मनोरा चाळीस किलोमीटरच्या पुढे असेल, मध्ये टेकडी असेल, किंवा खिडकीच्या उंच कोपऱ्यातही गुणवत्ता काठावरच राहत असेल, तर दुसरा इनडोअर अँटेना घेण्यात पैसे घालवू नका. सरळ गच्चीवर यागी अँटेना (एका लांब दांडीवर ओळीने आडव्या कांड्या असलेला) लावा आणि चांगली केबल खाली आणा. तिथे भिंत मध्ये येत नाही, उंची मिळते, आणि यागीचा रोख एकाच दिशेला असल्यामुळे परतून येणाऱ्या लहरींचा त्रासही कमी होतो.