साडेसहाशेवरून खाली उतरताना: साडेतीनशे की चारशे?

साडेसहाशे सीसीची बाईक विकायची हे एकदा ठरलं की खरा घोळ पुढे सुरू होतो. एका बाजूला रॉयल एनफिल्डच्या क्लासिक आणि हंटर, होंडाची सीबी ३५० ही साडेतीनशेची मंडळी, दुसऱ्या बाजूला ट्रायम्फची स्पीड ४००, केटीएमची ३९० ड्यूक ही चारशेची. वजन, ब्रेक, मीटर, रंग हे तुम्ही एव्हाना पाठ केलं असेल, त्यात शिरत नाही. माझं रोजचं जाणं-येणं मुलुंड ते अंधेरी. जुनी गाडी विकल्यावर बराच काळ मेहुण्याची चारशे चालवली, मग साडेतीनशे घेतली. दोन्ही गाड्या कुठल्या ते मुद्दाम सांगत नाही, कारण तक्रार कंपनीची नाही, इंजिनाच्या जातीची आहे.

आधी ॲव्हरेज. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, परत त्याच पंपावर फुल करायची, एवढंच माझं मोजमाप. साडेसहाशे शहरात २२ च्या आसपास द्यायची. चारशेने २७ दिले, साडेतीनशे ३४ देते. तुमचा हात, तुमचा रस्ता वेगळा, तेव्हा दोन-तीन इकडेतिकडे धरा. महिन्याला हजार किलोमीटर म्हटले तर हे झाले साधारण ४५, ३७ आणि २९ लिटर. गंमत बघा, २२ वरून २७ वर आलात तरी आठ लिटर वाचतात आणि २७ वरून ३४ वर गेलात तरी आठच. मुंबईत लिटर शंभरीच्या वर आहे, म्हणजे प्रत्येक पायरीला महिन्याचे आठशे-साडेआठशे. घर चालण्याइतके नाहीत, पण सर्व्हिसिंगचा खर्च त्यातून निघतो.

कुणी ‘माझी साडेतीनशे चाळीस द्यायची’ म्हणाला तर कधीची गोष्ट ते विचारा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची खोट धरावीच लागते. ती दोघींनाही सारखीच, फक्त जुने आकडे नव्या गाडीला लावू नका.

माझा निर्णय मात्र पैशांवर झाला नाही. झाला तो डाव्या हाताच्या बोटांवर.

संध्याकाळी सातला गांधीनगरच्या सिग्नलवरून जेव्हीएलआरला, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला, लागलात की आयआयटीच्या गेटपर्यंत काय होतं ते रोजच्या माणसाला सांगायला नको. मेट्रोच्या कामाने रस्ता आवळलेला, डावीकडे बेस्टची बस, उजवीकडे रिक्षा, आणि सगळी वरात ताशी बारा-पंधराने सरकतेय. थांबत नाही, चालतही नाही. चारशेवर या वेगाला दुसरा गियर ठेवला की इंजिन गचके द्यायला लागतं, खालून चेन खडखडते. पहिला टाकला तर ॲक्सिलरेटर जरा हलला तरी गाडी पुढच्याच्या नंबरप्लेटवर उडी घेते. म्हणून मग हाफ क्लच. दाबा, सोडा, थोडी रेस द्या, परत दाबा. पवई तलाव दिसेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, आणि मीटरवरचं ॲव्हरेज डोळ्यांदेखत खाली घसरायचं. वर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की नडगीवर गरम हवा. मेहुण्याला सांगितलं तर म्हणाला, सवय होते. होत असेलही.

साडेतीनशे तिथे दुसऱ्या गियरमध्ये टाकायची आणि क्लच सोडून द्यायचा. ॲक्सिलरेटर जवळजवळ बंद, तरी ती आपली धुगधुग करत बसच्या मागे चालत राहते. याचं कारण इंजिनाच्या मापातच आहे: बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर. रॉयल एनफिल्डच्या ३४९ सीसीचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८. स्पीड ४०० चं उलट, बोअर ८९ आणि स्ट्रोक ६४. लांब स्ट्रोकवालीचा सगळा जोर (टॉर्क) ४,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, हजर होतो, सीबी ३५० मध्ये तर ३,००० लाच. स्पीड ४०० त्याहून जास्त जोर देते, पण ६,५०० ला. जेव्हीएलआरवर ६,५०० कोण आणि कधी गाठणार? तो जोर नसला की त्याची भरपाई क्लच घासून आणि रेस देऊन करावी लागते, आणि माझ्या मते ॲव्हरेजमधला बराचसा फरक तिथेच जळतो.

चारशेची बाजूही मांडायला हवी. नाशिकच्या रस्त्याला लागा, कसारा चढा, शंभरच्या आसपास धरा. चारशे आरामात पळते आणि तिथे मला ३२ च्या वर मिळाले. साडेतीनशे त्या वेगाला केविलवाणी होते, हँडल झिणझिणतं, आणि तिचंही ॲव्हरेज तेवढ्यावरच येतं. ऐंशीला ठेवली तर पुन्हा राणी. दर रविवारी माळशेज नाहीतर नाशिक असेल तर माझं ऐकू नका, चारशे घ्या.

पण मुंबईतल्या मुंबईत असे मोकळे रस्ते आपल्या वाट्याला येतात कुठे? सी लिंकवर दुचाकी बंद, ईस्टर्न फ्रीवेवर बंद, कोस्टल रोडवर बंद, अटल सेतूवर बंद. पुण्याला निघालात तर एक्स्प्रेसवेही बंद. टॉप गियरला लावून मजेत जावं असा रस्ता बांधला की पहिली पाटी आपल्यासाठीच लागते. उरतो एलबीएस मार्ग आणि जेव्हीएलआर. मोठ्या इंजिनाचं चांगलं ॲव्हरेज ज्या वेगाला मिळतं, तो वेग आपल्याला सोमवार ते शनिवार मिळत नाही.

किमतीचंही पारडं सध्या इकडेच झुकलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के. कंपन्या सवलती देऊन थोडं सांभाळून घेतात, तेव्हा ऑन-रोड कोटेशन दोन्हीकडून घ्या.

आणि टेस्ट राइड रविवारी सकाळी घेऊ नका. शोरूमवाले तेव्हाच बोलावतात, रस्ता रिकामा असतो आणि चारशे अशी काही सुटते की तुम्ही तिथेच चेक लिहाल. मधल्या वारी संध्याकाळी साडेसहाला जा, जवळच्या सिग्नलच्या रांगेत घाला, दुसरा गियर टाका आणि क्लच सोडून बघा. सेल्समन कुरकुर करेल, करू दे.